जुडीवरचं नाव

वागळे इस्टेटमध्ये, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, पहिल्या मजल्यावर रंभाचा गाळा आहे. तिथे वायरींच्या जुड्या बनतात. लिफ्ट म्हणा, पंप म्हणा, स्विचबोर्ड म्हणा, कुठलंही यंत्र उघडलं की पोटात रंगीत वायरींचा गुंता दिसतो ना, तो आधी कुणीतरी नीट मापात कापून, टोकं सोलून, प्रत्येक टोकाला पितळी टोपी हातप्रेसने दाबून, पंधरा-वीस वायरी एकत्र बांधून पाठवलेला असतो. काम बघायला सोपं, करायला चिवट. टोपी जरा सैल बसली तर कुणाची तरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे उभी राहते.

म्हणून गाळ्यात पहिल्या दिवसापासून एक नियम होता. जिने जुडी बांधली तिने आपल्या नावाची चिठ्ठी जुडीला बांधायची. माल परत आला की चौकशी नाही, आरडाओरडा नाही. चिठ्ठी वाचायची, आपली जुडी आपण उचलायची आणि दुरुस्त करायला बसायचं. हा नियम रंभाचाच. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण बिननावाचं काम तिला कधी आवडलं नाही.

दुसरी एक गोष्ट कुणी ठरवलेली नव्हती, ती आपसूक झाली. खालच्या गाळ्यात पत्रा कापायची पॉवर प्रेस आहे. ती सकाळी नवाला सुरू होते ती संध्याकाळी सहापर्यंत अशी धाडधाड चालते, की वर चहाच्या कपात लाटा उठाव्यात. ओरडून बोलणार किती? बायका हळूहळू ओठांवर बोलायला शिकल्या. आवाज काढायचा नाही, ओठ नीट हलवायचे, समोरचीने टेबलापलीकडून वाचायचे. सासूची निंदा, भाजीचा भाव, पाळीचं दुखणं, सगळं या बिनआवाजी भाषेत व्हायचं. नवा माणूस वर आला की त्याला वाटायचं, या बायका मुक्या आहेत की काय.

गाळा रंभाचा, असं पाटीवर आहे, कागदावरही आहे. पण तो उभा राहिला सहा जणींवर. बारा वर्षांपूर्वी याच इस्टेटमधली एक कंपनी बंद पडली, तिथे या सहाही जणी टोप्या दाबायला होत्या. रंभा कल्याणच्या कोळसेवाडीतून यायची, सरोज वर्तकनगरातून. शेवंता, नसीमा, बेबी आणि मालन इथल्याच आसपासच्या. मालकाने जाताना दोन जुने हातप्रेस भंगारात काढले, ते सरोजने मागून घेतले. रिक्षात एक प्रेस सरोजच्या मांडीवर आणि एक रंभाच्या मांडीवर, असे ते इथवर आले. रंभाचा हात इतका पक्का, की तिने दाबलेली टोपी पक्कडीने ओढूनही निघायची नाही. पण कुणा साहेबाच्या केबिनमध्ये शिरायचं म्हटलं की तिच्या तोंडाला कुलूप. सरोज बारावी झालेली, बोलण्यात पटाईत. पहिलं काम तिने आणलं. सलग अकरा दिवस एका पंपवाल्याच्या दारात जाऊन बसली आणि बाराव्या दिवशी त्याने वैतागून पन्नास जुड्यांची ऑर्डर दिली. कागदावर कुणाचं तरी एकीचं नाव घालायचं होतं. सरोज म्हणाली, "रंभा, तुझं घाल. माझ्या घरी नवऱ्याला आवडायचं नाही." झालं. एवढीच त्या पाटीची गोष्ट.

गेल्या वर्षी सरोजचं मनगट गेलं. बारा वर्षं प्रेसचा दांडा ओढून दुसरं काय होणार? चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायला लागली. डॉक्टरने सांगितलं, हे काम बंद करा. सरोजने डॉक्टर बंद केला. रंभा रोज समोर बसून बघायची, दर दांड्याला सरोजचा खालचा ओठ दाताखाली जायचा. सोलणं-दाबणं आपोआप करणारी मशीन आली तर सरोजने नुसतं बसून माल तपासला असता. रंभाला आयुष्यात त्या वेळी एवढंच हवं होतं. ती मशीन.

आणि ती मशीन ठाण्यातल्या एका उद्योजिका मंचाने स्पर्धेत बक्षीस म्हणून ठेवली. रंभाच्या मुलीने, दीप्तीने, परस्पर फॉर्म भरला. तिची ऑफिसमध्ये फोनवरच सगळी कामं, तिला या गोष्टी कळतात. ती म्हणाली, "आई, प्रत्येकीने आपल्या गोष्टीचं रील करून द्यायचंय. ज्याला जास्त लोक बघतील त्याला जास्त मार्क."

"मशीन कामावर देणार की बघण्यावर?"

"आई, आता सगळं बघण्यावरच असतं गं."

रील करून देणारा माणूसही मंचानेच पाठवला. स्वानंद त्याचं नाव, डोंबिवलीचा. तिशीचा मुलगा, चांगली नोकरी सोडून लोकांना त्यांची गोष्ट सांगायला शिकवायचा. म्हणजे तुमचं आयुष्य तुम्ही जगलात, पण ते सांगावं कसं हे तुम्हाला कळत नाही, ते तो सांगणार. दर वाक्याला "ताई" म्हणायचा, आणि त्या ताईमध्ये एवढा गोडवा, की रंभाला जिभेवर सॅकरिनची गोळी विरघळल्यासारखं व्हायचं.

संध्याकाळी खालची पॉवर प्रेस थांबल्यावर तो गाळ्यात आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, मिस्टर हयात आहेत?"

"आहेत की. शाळेची बस चालवतात. चांगदेव नाव."

"अच्छा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर पडला. "म्हणजे, सपोर्टिव्ह आहेत?"

"रात्री भाकऱ्या तेच थापतात."

"ठीक आहे. त्यांना आपण फ्रेममध्ये नको घेऊ या."

मग त्याने तिला शिकवायला घेतलं. लोक पहिल्या तीन सेकंदांत ठरवतात, म्हणून सुरुवात पडण्यापासून करायची, उभं राहण्यापासून नाही. एकच चेहरा ठेवायचा, कारण सहा चेहरे दाखवले तर माणूस कुणाशीच जोडला जात नाही. मशीन, माल, माप यावर बोलायचं नाही. "ताई, लोकांना तुमच्या कामाशी काही घेणं नाही. लोकांना जखम हवी असते. जखम दिसली की ती त्यांची होते. मग ते शेअर करतात." आमटीला फोडणी कधी द्यायची ते सांगावं, तसं तो हे सांगत होता. रंभाला किळस आली ती तेव्हाच. पण टेबलापलीकडे सरोज दांडा ओढत होती आणि तिचा ओठ दाताखाली होता.

शूटिंगही पॉवर प्रेस थांबल्यावरच ठेवलं. त्या दिवशी त्याने गाळ्यावर नजर फिरवली आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोशी थांबला. "ताई, हा जरा बाजूला ठेवू या का? न्यूट्रल दिसलं की रीच वाढतो."

"तो निघणार नाही," रंभा म्हणाली. "तुमचा कॅमेरा फिरवा."

कॅमेरा फिरला. तिला बरं वाटलं, आपण नमलो नाही. मग स्वानंदने टेबलावरच्या तयार जुड्या बघितल्या. सरोज, नसीमा, मालन, बेबी, शेवंता, साठ जुड्यांना साठ चिठ्ठ्या. "ही नावं कुणाची? ही कॅमेऱ्यात वाचता येतात हो. लोक कमेंटमध्ये विचारत बसतील. तुम्ही एकट्या होतात ना सुरुवातीला?"

"नव्हते."

"ताई, गोष्टीत होतात."

बाबासाहेबांच्या फोटोसाठी ताठ उभी राहिलेली रंभा इथे कशी नमली, हे तिला पुढे कितीतरी दिवस उमगलं नाही. कदाचित एकदा भांडून झाल्यावर माणसाला आपली पाळी संपल्यासारखी वाटते. तिने स्वतःच्या हाताने साठ चिठ्ठ्या लिहिल्या, साठही वेळा रंभा, आणि बाकीच्या जणींना त्याने जिन्यात उभं केलं, सावली पडते म्हणून. सरोज जाता जाता सवयीने ओठांवर म्हणाली, 'लवकर आटप, ऑर्डर द्यायची आहे.' रागावली नव्हती. मशीन कुणासाठी हे तिलाही ठाऊक होतं.

राहिलं रडणं. ते काही येईना. स्वानंदने कंपनी बंद पडल्याचं विचारलं, भुकेचं विचारलं, अपमानाचं विचारलं. रंभा सगळं सांगत होती, पण कोरड्या डोळ्यांनी, कारण त्या दिवसांत त्या सहा जणी भरपूर हसल्याही होत्या. शेवटी त्या हुशार मुलाने कॅमेरा चालू ठेवून सहज विचारल्यासारखं विचारलं, "आईची आठवण येते, ताई?"

रंभाची आई टिटवाळ्याला वारली. तीन दिवस आजारी होती आणि रंभा तिसऱ्या दिवशी पोचली, तेव्हा आईला तिची ओळख पटली नाही. याचा धंद्याशी काडीचा संबंध नाही. हे तिने चांगदेवलासुद्धा नीट कधी सांगितलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि स्वानंद हळूच म्हणाला, "सुंदर."

रील आलं, ते दीड मिनिटाचं. रंभाने ते घरी पाहिलं, चांगदेव आणि दीप्ती दोन बाजूंना. आधी तिचा रडका चेहरा, अगदी जवळून, आणि त्याखाली अक्षरं: "जेव्हा सगळ्यांनी साथ सोडली." आईसाठी आलेलं पाणी उचलून त्याने सरोज-मालनच्या तोंडावर फेकलं होतं. पुढे एकटी बाई, एकटा प्रेस, साठ चिठ्ठ्यांवर एकच नाव. शेवटी रंभा खिडकीतून लांब बघते आहे. ती त्या वेळी खाली टेम्पो आला का ते बघत होती.

"सगळ्यांनी म्हणजे मी पण का?" चांगदेवने विचारलं. तो चेष्टेत म्हणाला, पण मग उठून आत गेला आणि त्या रात्री भाकऱ्या करपल्या.

लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं. दोन दिवसांत लाखांत आकडे गेले. खाली शेरे: ताई तुम्हाला सलाम, ताई अंगावर काटा आला, अशा नालायक लोकांना तुम्ही दाखवून दिलंत. नालायक लोक सकाळी नऊला कामावर आले, डबे कोनाड्यात ठेवून आपापल्या जागी बसले. कुणी एक शब्द काढला नाही. ओठसुद्धा हलले नाहीत. रंभाने दिवसभर एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं, सगळी तोंडं मिटलेली. संध्याकाळी ती तयार माल मोजायला गेली, तर प्रत्येक जुडीवर रंभा. मालनच्या वेड्यावाकड्या अक्षरात रंभा, नसीमाच्या बारीक अक्षरात रंभा, आणि सरोजच्या दुखऱ्या हाताच्या, शेवटी खाली घसरलेल्या अक्षरात रंभा.

तिने स्वानंदला फोन लावला. "ते काढून टाका."

"ताई, तुम्ही पहिल्या तीनमध्ये आहात."

"मला नको. आमच्या बायका तशा नाहीत."

"ते आता मंचाच्या पेजवर आहे, ताई. माझ्या हातात नाही." आणि मग, अगदी मनापासून, "तुम्ही जास्त विचार करताय. लोक त्यांना ओळखत पण नाहीत."

तेच तर, असं रंभाला म्हणायचं होतं. पण साहेबांपुढे लागायचं ते कुलूप फोनवरही लागलं.

पंधरा दिवस असे गेले. मधे पंपवाल्याकडून वीस जुड्या परत आल्या, टोप्या सैल. सगळ्यांवर रंभाचं नाव. कुणाच्या हातून गेल्या हे कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायला तिला तोंड नव्हतं. सरोजने गठ्ठा उचलून तिच्यासमोर ठेवला आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच गाळ्यात मोठ्याने, प्रेसच्या वरताण आवाजात म्हणाली, "नाव तुझं आहे." रंभाने वीसही जुड्या सोडून पुन्हा केल्या. नऊ वाजेपर्यंत बसली होती. तिला वाटलं, हे बरोबरच आहे, आणि तरी रडू यायचं ते आता आलं. तेव्हा समोर कॅमेरा नव्हता.

मशीन तिलाच मिळाली. देण्याचा कार्यक्रम गाळ्यातच ठेवला, रविवारी, खालची पॉवर प्रेस बंद असते म्हणून. मंचाच्या चार बायका आल्या, एकसारख्या साड्या नेसून, हातात फुलांचे गुच्छ. स्वानंद कॅमेरा घेऊन होता. रंभाने पाचही जणींना बोलावलं होतं. एकही आली नाही. चांगदेव आणि दीप्ती दाराशी उभे होते, तिथूनही त्यांना जरा मागे सरकायला सांगितलं गेलं.

"बोला ताई," स्वानंद म्हणाला. "या क्षणी काय वाटतंय?"

रंभाने रात्रभर घोकलं होतं. ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "हा गाळा मी एकटीने उभा केलेला नाही. माझी साथ कुणी सोडली नाही. सरोजने पहिली ऑर्डर आणली. शेवंता, नसीमा, बेबी, मालन, या सगळ्यांनी सुरुवातीला बिनपगारी काम केलं. मी रडले ते माझ्या आईसाठी. पहिल्या व्हिडिओत सांगितलं ते खोटं आहे."

एकसारख्या साड्या एकमेकींकडे बघायला लागल्या. स्वानंद म्हणाला, "पॉवरफुल, ताई." तो तोच शब्द पुन्हा म्हणाला आणि कॅमेरा बंद केला. रंभा घरी गेली ती हलक्या मनाने. बायकांना फोन करावा असं तिला वाटलं, पण तोंडी सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? रीलमध्ये दिसेलच. बुधवारपर्यंत येईल, असं त्याने सांगितलं होतं.

बुधवारी आलं. रंभाचा चेहरा, अगदी जवळून. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. आवाजाच्या जागी व्हायोलिन, आणि खाली सावकाश उमटणारी अक्षरं: "यशाच्या क्षणी शब्दच फुटत नाहीत." तिच्या तोंडातून सगळं खरं बाहेर पडत होतं आणि वरून संगीत ओतलं होतं, उष्ट्यावर फुलं टाकावीत तसं. तिने फोन उलटा करून ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. साबण लावून धुतलं. खाली लोकांचे शेरे येतच होते. ताई, तुमचं मौन खूप काही बोलून गेलं.

गुरुवारी ती गाळ्यावर पोचली तेव्हा पाचही जणी आधीच आल्या होत्या. मशीन कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये तशीच उभी, तिला कुणी हात लावला नव्हता. खाली पॉवर प्रेस सुरू झाली. रंभा आपल्या जागी बसली आणि मान खाली घालून वायरी सोलायला लागली.

बऱ्याच वेळाने तिने वर बघितलं, तर सरोज फोन डोळ्यांसमोर धरून बसली होती. त्या धाडधाडीत संगीत ऐकू येणं शक्यच नव्हतं. सरोजला फक्त रंभाचा चेहरा दिसत होता आणि ओठ, बारा वर्षं टेबलापलीकडून वाचलेले. तिने एकदा बघितलं. अंगठ्याने मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग फोन शेवंताकडे दिला, शेवंताने नसीमाकडे. मालनने फोन सगळ्यात जास्त वेळ धरला आणि बघता बघता तिचे ओठ त्या ओठांबरोबर हलायला लागले.

सरोजने टेबलावर टिचकी मारली. रंभाने तिच्याकडे पाहिलं.

'मालनचं नाव शेवटी घेतलंस,' सरोजचे ओठ म्हणाले. 'आता ती आठवडाभर ऐकवेल.'

रंभा ओठांवर म्हणाली, 'बाकी कुणाला कळलं नाही.'

'नाही कळणार,' सरोज म्हणाली. 'तीन लाख लोकांनी बघितलं आणि एकालाही कळलं नाही. त्यांच्या तोंडात माती.' मग ती उठली, कोपऱ्यात गेली आणि डाव्या हाताने मशीनवरचं प्लास्टिक ओढायला लागली. ते निघेना, तेव्हा बेबी कात्री घेऊन गेली.

संध्याकाळी टेम्पो आला. रंभाने माल मोजायला घेतला. चिठ्ठ्यांवर शेवंता होती, नसीमा होती, बेबी होती, मालनचं वेडंवाकडं मालन होतं. सरोजच्या नावाच्या चार जुड्या होत्या, अक्षर खाली घसरलेलं. रंभाच्या नावाच्या चौदा निघाल्या. चौदाच तिने केल्या होत्या.